शेवटच्या दिव्यापलीकडचं घर

घरांचा दलाल म्हणून त्याचं नाव आसपासच्या सगळ्या गावांत होतं. लोक त्याला हद्दवाले म्हणत. सरकारच्या हमीवर बँक जे स्वस्त कर्ज देते, ते खेड्यातल्या घरालाच मिळतं. घर शहराच्या हद्दीत पाऊलभर जरी आत असलं, तरी नाही. हद्दीबाहेरची अशी घरं हुडकून द्यायची, हा त्याचा धंदा. त्याची रीतही सोपी. दिवेलागणीला रस्त्याने चालत निघायचं आणि शहराचे दिवे संपतात तिथे चपला झटकून म्हणायचं, "इथून पुढे खेडं." ही रीत कधी चुकली नव्हती.

म्हणून धाकट्या बहिणीसाठी घर बघायला तो छाती काढूनच निघाला. बहीण शिवणकाम करायची, भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. शेवटच्या दिव्यापलीकडचं घर त्याने तिला दाखवलं. दोन खोल्या, छप्पर शाबूत, विहिरीला पाणी. मोठ्या खिडकीपाशी उभं राहून तिने शिवणयंत्राची जागा हातानेच आखली.

"दादा, हे घर हद्दीबाहेर आहे ना, एकदा नगरपालिकेच्या कचेरीत विचारून घे ना."

"मी विचारू? अगं, तिथला शिपाईसुद्धा लोकांना माझ्याकडे धाडतो!"

"तरी पण."

"तू खोली सोड बघू. मी आहे ना."

तिने खोली सोडली. मालकाने दुसऱ्याच दिवशी तिथे नवं बिऱ्हाड आणलं.

मग घर तपासायला बँकेची बाई आली. भिंती ठोकून पाहिल्या, विहिरीत डोकावली.

"घर छान आहे. पण हे शहरात येतं."

तो हसला. "बाई, दिवे कुठे संपतात ते तरी बघा."

"दिवे यायचेत अजून, काका. हद्द गेल्या वर्षीच पुढे सरकली. कचेरीच्या दारात नकाशा लावलाय की."

त्या दारावरून तो रोज जात होता, मान ताठ ठेवून.

त्याचे कान तापले. बहिणीकडे बघायचा धीर होईना. तिने खिडकी ओढून घेतली, कडी लावली आणि एवढंच म्हणाली, "चल दादा, ऊन वाढलंय." चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बहिणीचा संसार त्याच्याच बाहेरच्या खोलीत आला. बायको म्हणाली, "वन्सं, सांभाळून हं. आमच्याकडे पाय ठेवायलाही हद्द बघावी लागते." दोघी हसल्या. तो पाय धुवायला मागे गेला.

बहिणीने शिवणयंत्र तेवढं मांडलं. गाठोडी बांधलेलीच ठेवली. रोज सकाळी त्यांना वळसा घालून बाहेर पडताना तो खाली बघून चाले.

शेवटी एकदा तो उंबऱ्यात थांबला. "दुसरं घर बघतोय तुझ्यासाठी."

तिने सुईत दोरा ओवला. "बघ की. पण कचेरीत मी विचारेन."

"बरं," तो म्हणाला. "मी बाहेर थांबतो."

"बाहेर कशाला? आत ये. दोघांनी ऐकलेलं बरं."

त्याने मान डोलावली आणि ती चपला घालेपर्यंत उंबऱ्यातच उभा राहिला.