हत्तीला आधी हात लागला

चेन्नईत, गिंडीच्या एका पंप कारखान्यात विजयलक्ष्मीबाईंनी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. जेवणाच्या सुट्टीत फोरमन रामस्वामींनी त्यांना बुद्धिबळ शिकवलं. डावाची सुरुवात मात्र एकच शिकवली: किंग्ज गॅम्बिट. दुसऱ्याच खेळीत एक प्यादं देऊन टाकायचं, मग कॅसलिंग करून, म्हणजे एकाच खेळीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवून, राजा कोपऱ्यात लपवायचा आणि हल्ला चढवायचा. आता असं फारसं कोणी खेळत नाही. बाईंना दुसरं काही येत नव्हतं.

निवृत्तीनंतर, बासष्टाव्या वर्षी, अड्यारच्या एका स्पर्धेत त्यांनी नाव घातलं. रेटिंग असलेल्यांशी त्या चार डाव खेळल्या आणि चारही हरल्या. शेवटच्या फेरीत निदान बरोबरी झाली, तरच त्यांना रेटिंग, म्हणजे खेळाच्या दर्जाचा अधिकृत आकडा, मिळणार होतं. समोर कौशिक होता. मूळचा साताऱ्याचा, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला.

नवव्या खेळीला तो पाणी प्यायला उठला. बाईंना कॅसलिंग करायचं होतं. त्यात आधी राजा उचलावा लागतो. त्यांचा हात हत्तीला लागला. आता नियमाप्रमाणे हत्तीच हलवायला हवा होता. कोणी पाहिलं नव्हतं. बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. कौशिक परतल्यावर त्यांनी त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. आपण काही पाहिलं नाही, कॅसलिंग करा, असं तोही इंग्रजीतच म्हणाला.

"हात हत्तीलाच लागला की," बाई स्वतःशी पुटपुटल्या.

तंजावरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या वळणाची असली तरी ती मराठी होती. कौशिकनं चमकून वर पाहिलं. बाईंनी तोवर हत्ती एक घर सरकवला होता. राजा मधेच उघडा राहिला. चौतिसाव्या खेळीला त्यांनी हार मानली.

नंतर व्हरांड्यात दोघांनी डाव पुन्हा मांडला. विसाव्या खेळीला बाईंनी वजिरानं एक प्यादं खाल्लं होतं आणि वजीर तिकडेच अडकला होता. ती खेळी त्यांनी दोनदा मांडायला लावली.

"म्हणजे हत्तीमुळे डाव गेला नाही?"

"नाही काकू. हत्ती तिथं चांगलाच होता."

बाईंना बरं वाटलं, आणि थोडा रागही आला, स्वतःचाच.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका स्पर्धेत त्यांनी कीर्तना नावाच्या कॉलेजातल्या मुलीशी बरोबरी साधली. रेटिंगच्या यादीत नाव आलं तेव्हा त्या नातीला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे बसल्या होत्या. मुलानं, मुरलीनं, फोन करून कळवलं. आकडा त्यांनी त्याला पुन्हा सांगायला लावला.