त्या दिवशी आरती लवकर लागली

गावदेवीवर माझी श्रद्धा होती, असं मी म्हणू शकत नाही. आई दर मंगळवारी मला सानपाड्याच्या जुन्या गावातल्या देवळात न्यायची, फुलं वाहायची आणि पुटपुटायची, "पोरीची जीभ मोकळी कर." मी शेजारी हात जोडून उभी राहायचे. जिला मागतानाही शब्द फुटत नाही तिचं गाऱ्हाणं देवी ऐकणार तरी कसं, असा विचार मनात यायचा. मी बोलताना अडखळायचे. 'क' आणि 'प' तर घशातच अडकून बसायचे.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आप्पा वाशीच्या बाजारात गोण्या उचलायचे. मुलीनं फाडफाड इंग्लिश बोलावं म्हणून त्यांनी मला इंग्लिश मीडियमच्या शाळेत घातलं. मी चौथीत असताना त्यांची पाठ गेली. ते घरी बसले आणि आई डबे करू लागली. पाठीपेक्षा माझं अडखळणं त्यांना जास्त सलत असावं. "बोल की! मी काय खातोय का तुला?" असं ते ओरडले की ओठांवर आलेला शब्दही परत आत जायचा. शाळेत धडा वाचायची माझी पाळी आली की मागून आवाज यायचा, "ए बफरिंग, नेट बदल!" वर्ग हसायचा. विनोद चांगला होता, हे मलाही कळायचं. फक्त गणपतीत सगळ्यांबरोबर आरती म्हणताना मी कधी अडखळत नसे, पण त्याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. एवढ्या आवाजांत माझा आवाज ऐकतंय कोण, असं वाटायचं.

देवळासमोर मातीचं मैदान आहे. गावातली ज्योतीताई तिथे मुलींना कबड्डी शिकवायची. आई देवळात असेपर्यंत मी कठड्यावर बसून बघत राहायचे. एकदा ती खालून ओरडली, "नुसती बगत काय बसलीस बाय, ये खाली!" मी गेले आणि पकडीसाठी डावा कोपरा मागून घेतला. कारण कोणाला सांगितलं नाही. चढाई करणारीला समोरच्यांच्या भागात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत जावं लागतं आणि आवाज तुटला की ती बाद होते. पकड करणारीला मात्र काहीच बोलावं लागत नाही. मी नजर पायांवर ठेवून गप्प उभी राहायचे आणि घोटा हातात आला की सोडायचे नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला घाबरत होतं. त्या मैदानासाठी मी सकाळी उठू लागले, पोटभर जेवू लागले, शाळेतलं हसणंही थोडं लांबून ऐकू येऊ लागलं.

ज्योतीताईला सगळं कळत होतं. जिल्ह्याच्या निवडीसाठी नावं द्यायची वेळ आली तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं. "पकड तुझी मगरीसारखी हाय. पन तिकडं सगल्यांना चढाई करायला लावतात. जत्रंच्या मॅचमधी एक चढाई कर, मंग नाव देते. नायतर नाय." सरावात मी रेषेपर्यंत जायचे आणि तोंडातून नुसती हवा यायची. नाव गेलं नाही की लाजेनं ते मैदानही सुटणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

जत्रेच्या दिवशी मॅच संपल्याशिवाय आरती लागत नाही, ही तिथली रीत. पुजारीकाकासुद्धा पायरीवर बसून मॅच बघतात. समोर नेरूळच्या मुलींचा संघ होता. शेवटी शेवटी आमच्या मुली एकेक करून बाद झाल्या आणि मैदानात मी एकटी उरले. एकटी उरलेल्या खेळाडूला चढाईला जावंच लागतं. मी रेषेला हात लावून कपाळाला लावला, सगळ्या जणी लावतात म्हणून. छातीत हवा भरून घेतली आणि घट्ट धरून ठेवली. 'क' आला नाही. "काय गं, म्यूटवर आहेस का?" समोरची एक जण म्हणाली. पंचांनी शिटी तोंडाजवळ नेली.

त्या क्षणी मी देवीकडे काही मागितलं नाही. मी फक्त दमले होते. जे व्हायचं ते होऊ दे, असं वाटून धरलेली हवा सोडून दिली. आणि देवळातली घंटा वाजली. मागोमाग टाळ, मग टाळ्या. आरती लागली होती. त्या ठेक्यावर माझ्या तोंडून 'कबड्डी' निघालं, पुन्हा निघालं, आणि पाहते तर मी रेषेच्या पलीकडे होते. मी एकीला शिवले, दुसरीनं माझी कंबर धरली, मग सगळ्याच अंगावर आल्या. शिटी वाजली, मी बाद झाले, मॅच आम्ही हरलो, तरी मी मातीत पडून म्हणतच होते. नेरूळची मुलगी माझ्यावरून उठत म्हणाली, "बस कर यार, संपली मॅच!"

आप्पा आले आहेत, हे मला माहीत नव्हतं. कमरेला पट्टा बांधून ते गर्दीच्या अगदी मागे उभे होते. घरी जाताना त्यांनी माझ्या केसांतली माती झटकली. मग म्हणाले, "पार मागं ऐकू आलं गं मला."

ज्योतीताईनं माझं नाव दिलं. पुढच्या मंगळवारी मी पुजारीकाकांना विचारलं, आरती मध्येच कशी लावली? ते ओशाळले. "बाहेरगावची एक बाई होती गं. नातू खांद्यावर झोपलेला. म्हनली, काका, गाडी गाठायची हाय, तेवढी आरती घ्या. मला नाय म्हनवलं नाय." ती कोण, कुठली, त्यांनाही माहीत नव्हतं. तिनं मैदानाकडे पाहिलंही नसेल.

ठेक्यावर बोललं की अडखळणं कमी होतं, असं मला पुढे एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ते खरंच असणार. त्या बाईला गाडी नेमकी तेव्हाच का गाठायची होती, हे मी त्यांना विचारलं नाही. धरून ठेवलेलं सुटलं तेव्हाच शब्द बाहेर आला, याहून जास्त मला सांगता येत नाही. त्या अनोळखी बाईचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून ते मी देवीपाशी ठेवते.

आता मी कॉलेजात आहे आणि संघात चढाया करते. फोनवर नाव सांगताना अजूनही अडखळते. मंगळवारी आईबरोबर देवळात जाते आणि काही मागत नाही. पुजारीकाका आरतीला घंटेची दोरी माझ्या हातात देतात. बाहेर मैदानात सराव चालू असतो, रेषेपाशी कोणी ना कोणी मुलगी उभी असतेच. मी वळून बघत नाही. घंटा मात्र जरा जोरात वाजवते.