रविवारची बोटभर पट्टी

मी वाशीमला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी मला प्लॅनर घ्यायला सांगितलं. 'होते' असं लिहिताना हात अडतो, कारण माझं नाव कदाचित तिथल्या पटावर अजून असेल. पण बोलताना माझ्याही तोंडून आता 'होते' असंच जातं.

माझी जर्नल नेहमी उशिरा जायची. मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तू हुशार आहेस, पण तुझं वेळेचं काही ठरलेलं नसतं. एक प्लॅनर घे. घेताना मात्र दुसरीचा बघून घेऊ नकोस. तुझा दिवस कसा जातो ते आधी बघ आणि त्याला बसेल असा घे."

वर्गातल्या बाकीच्या मुली सगळं मोबाइलमध्ये ठेवायच्या. आमच्याकडे धड चालणारा फोन एकच आहे आणि तो बाबांच्या खिशात असतो. मंडईतला अडत्या त्यावर भाव सांगतो, विहिरीवरची मोटारही त्याच्यावरूनच सुरू होते. त्यामुळे मला कागदच पाहिजे होता.

मॅडमनी सांगितलं तसं मी खरंच केलं. दोन-तीन दिवस एसटीत बसून माझा दिवस कसा जातो त्याचा विचार केला. आमचं गाव मालेगावच्या बाजूला आहे. गावाला लागूनच भाजीचं वावर आहे. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, एका कडेला वांगी. पहाटे तोडायचं, जुड्या बांधायच्या, आईला मंडईच्या गाडीत बसवून द्यायचं आणि मग फाट्यावर येऊन मी वाशीमची एसटी धरायची. वावराची लाइन, म्हणजे मोटारीची वीज, एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. बाबांच्या गुडघ्यामुळे त्यांना पाण्याच्या दांडावर फार वेळ उभं राहता येत नाही, म्हणून दिवसाच्या लाइनीच्या आठवड्यात पाणी मीच फिरवायचे. त्या आठवड्यात माझं कॉलेज निम्मं बुडायचं. हे सगळं कागदावर बसेल का, मला शंकाच होती. पण मॅडमनी इतकं मनापासून सांगितलं होतं.

कॉलेजच्या रस्त्यावर स्टेशनरीचं दुकान आहे, तिथे गेले. दुकानदारकाकांनी चार-पाच प्रकार काढून समोर मांडले. पहिला रोजच्या एका पानाचा होता. त्याच्यावर तास छापलेले, सकाळी आठपासून.

मी विचारलं, "काका, पाचपासूनचा नाही का?"

"पाचले कोन उठते ताई? कोंबडं का?" ते हसले. "हे पुन्याहून छापून येते. तिकडचे लोक आठले उठतात अन् नऊपर्यंत मोबाइलच पाह्यतात."

दुसऱ्यात एका पानावर सबंध महिना होता. त्याच्या चौकोनात एक शब्द मावला असता. तिसऱ्यात रोज किती पेले पाणी प्यालं ते भरायचं होतं आणि रोजच्या मूडला एक गोल चेहरा रंगवायचा होता. मी तो लगेच खाली ठेवला. चौथा आठवड्याचा होता. समोरासमोरच्या दोन पानांवर एक आठवडा, तारखा छापलेल्या नाहीत, आपण भरायच्या. हा मला आवडला. एखादा आठवडा काहीच लिहिता आलं नाही तर पानं वाया जात नाहीत. सोमवार ते शनिवार असे सहा मोठे चौकोन होते आणि रविवारला खाली बोटभर रुंदीची पट्टी.

"रविवार एवढासा काहून काका?"

"सुट्टी असते ना बाप्पा. सुट्टीच्या दिवशी काय लिहितं तू?"

मी पैसे दिले आणि तोच घेतला. आमच्या शेजारच्या मोठ्या गावचा आठवडी बाजार रविवारी असतो. आमच्या घरातला सगळ्यात मोठा दिवस तोच. आई पाल ठोकून बसते, मी आणि बाबा माल पोचवत राहतो, आणि संध्याकाळी उरलेल्या भाजीचं काय करायचं ते ठरतं. सोमवारी मात्र वावरात तोडायला काही शिल्लक नसतं. आई दुपारची झोपते ती आठवड्यातून त्या एकाच दिवशी. आमच्या घरी आठवडा बाजारापासून बाजारापर्यंतच मोजतात. आईला कोणी वार विचारला तर ती आधी बाजार कधी झाला ते आठवते.

म्हणून घरी आल्यावर मी एक गोष्ट केली. मला तेव्हा तिचा थोडा अभिमानही वाटला होता. छापलेल्या वारांच्या बाजूला मी पेन्सिलनं माझे वार लिहिले. सोमवारच्या चौकोनात मंगळवार, मंगळवारच्यात बुधवार, असं करत शनिवारचा मोठा चौकोन माझा रविवार झाला आणि खालची बोटभर पट्टी रिकाम्या सोमवारला गेली. बाजाराच्या कामाला सबंध चौकोन मिळाला. मला वाटलं, मॅडम म्हणत होत्या ते हेच. आपल्या दिवसाला बसेल असा.

बाबांनी एकदा तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "याच्यात लिहिलं का काम होऊन जाते?"

"होत नाही बाबा. ध्यानात राह्यते."

"मले तं न लिहिताच ध्यानात राह्यते सारं."

"तुमाले राह्यते. मले कॉलेजचंही ठेवा लागते ना."

"ठेव मंग. पन मी बोललो ते ध्यानात हाय ना? ते नको लिहू कोठी."

ते लिहायची गरजच नव्हती. बारावीनंतर पुढे शिकायचं की नाही यावर आमच्या घरी बरेच दिवस बोलणं चाललं होतं. आमच्यात आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. शेवटी आई माझ्या बाजूनं झाली आणि बाबा म्हणाले, "जाय. पन एकबी विषय मांगं राह्यला तं मंग घरीच." ते मला घाबरवायला म्हणाले नव्हते. मी गेले की वावरातले दोन हात कमी होतात, आणि ते मी तिथे काहीतरी करत असेन तरच त्यांना परवडणार होतं. मलाही ते बरोबरच वाटलं होतं. अजूनही चूक म्हणवत नाही.

काही आठवडे खरोखर चांगले गेले. दोन जर्नल मी वेळेवर दिल्या. माझे वार मला इतके पाठ झाले की पुढच्या पानांवर पेन्सिलनं वार लिहिणं आणि तारखा भरणंही मी सोडून दिलं. पान उघडलं की डोळे आपोआप एक दिवस पुढचं वाचायचे.

सत्राच्या शेवटी, तासाची घंटा झाली असताना, मॅडमनी प्रात्यक्षिक परीक्षेच्या बॅचेस तोंडी सांगितल्या. सगळ्या उठायच्या घाईत होत्या. मला फाट्याची एसटी धरायची होती. "तिसरी बॅच, गुरुवारी, साडेदहाला," त्या म्हणाल्या. मी उभ्यानंच प्लॅनर उघडला, गुरुवार छापलेला चौकोन शोधला आणि त्याच्यात प्रॅक्टिकल असं लिहिलं. खाली दोन रेघाही मारल्या.

घरी येऊन वाचलं तेव्हा माझ्यासाठी तो शुक्रवारचा चौकोन होता.

परीक्षेआधी वर्ग नव्हते. लाइन दिवसाची होती. गुरुवारी सकाळी मी पालकाच्या वाफ्यांत पाणी फिरवत होते. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून तोंड बंद करायचं, दुसऱ्याचं उघडायचं, आणि मधल्या वेळात मी खोडाच्या छेदातले भाग मोठ्यानं म्हणत होते. अपित्वचा, मध्यत्वचा, परिरंभ. बांधावरून आई म्हणाली, "कोनाशी बोलून राह्यली वं?" मी म्हटलं, उद्या पेपर हाय. एकही नाव अडत नव्हतं. इतकी तयारी माझी कधीच झाली नव्हती. त्या वेळी साडेदहा वाजून गेले होते.

शुक्रवारी मी वेळेच्या आधीच पोचले. प्रयोगशाळेच्या दाराशी वेगळ्याच मुली उभ्या होत्या. मला वाटलं बॅच बदलली. मॅडम बाहेर आल्या आणि मला पाहून थांबल्या.

"काल कुठे होतीस तू? मी दोनदा नाव पुकारलं."

"मॅडम, आज आहे ना आमची?"

"काल झाली."

मी पिशवीतून प्लॅनर काढला. का काढला ते मला माहीत नाही. माझं बरोबर आहे हे दाखवायला असेल. त्यांनी पान पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"गुरुवारच लिहिलंय की तू. रेघा मारून."

त्या चौकोनावर गुरुवार छापलेलं होतं. बाजूला पेन्सिलचं काही नव्हतं. आमच्या घरी हा चौकोन शुक्रवारचा असतो, हे मी त्यांना सांगायला तोंड उघडलं. पण ते वाक्य मनात जुळवलं तेव्हाच मला ते वेड्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "चुकलं मॅडम." एवढंच म्हणाले.

मॅडम आत गेल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांशी त्या बोलत असलेल्या मला दारातून दिसत होत्या. ते सर नकाराची मान हलवत होते. बाहेर येऊन मॅडमनी सांगितलं की कालच्या बॅचचे गुण भरून झाले, माझ्यासमोर गैरहजर पडलं आहे आणि आता तो विषय पुढच्या वर्षी द्यावा लागेल. "एकच विषय आहे, वर्ष जात नाही तुझं," असंही त्या म्हणाल्या. माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. त्यांना वाटलं असेल की यानं मला धीर येईल.

घरी मी ते संध्याकाळी सांगितलं. बाबा वाफ्याच्या कडेला बसून विळ्याला धार लावत होते.

"म्हंजे नापास?"

"नापास नाही बाबा. गैरहजर. पुढच्या वर्षाले जाता येते, हा विषय मंगून देता येते."

"मांगं राह्यला का नाही ते सांग."

"राह्यला."

त्यांनी विळा पुन्हा दगडावर घासला. मग म्हणाले, "गुरुवारी तं तू इथीच होती. पालकात."

"हो."

"मले एका शब्दानं सांगतलं असतं. मी नसतं सोडलं का तुले? मी उभा राह्यलो असतो दांडावर."

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

आई म्हणाली, "एका दिवसाचं तं हाय. मेथी एक दिवस राह्यली तं आपन दुसऱ्या दिवशी तोडतोच ना. त्याहिले म्हना, लेकरू एक दिवस उशिरा आलं."

"तसं नसते तिथी, माय."

"काहून नसते?" तिनं खरंच विचारलं.

मला कोणी कॉलेज सोडायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वावरात गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले. निकाल लागला, बाकीचे विषय निघाले होते. कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा वांग्यांचा तोडा चालू होता.

प्लॅनर कसा घ्यावा असं मला आज कोणी विचारलं तर नीट सांगता येणार नाही. आपल्या दिवसाप्रमाणे घ्यावा, मॅडमचं बरोबरच होतं. पण माझे दिवस दोन प्रकारचे होते. एका प्रकारच्या दिवसांना बसेल असा केला आणि तो दुसऱ्यांच्या कामाचा राहिला नाही. दोन्हींना बसणारा त्या दुकानात होता का, याचा मी अजून विचार करते.

गेल्या आठवड्यात बाबांच्या फोनवर मॅडमचा फोन आला. बाबांनी तो माझ्याकडे आणून दिला आणि तिथेच उभे राहिले.

"प्रवेशाचे थोडेच दिवस राहिलेत," मॅडम म्हणाल्या. "येतेस ना?"

"पाहते मॅडम," मी म्हणाले.

"पाहते म्हणजे? घरी विचारलंस का?"

"विचारते मॅडम."

फोन ठेवला. बाबांनी विचारलं, "काय म्हनत होत्या?"

"तब्येत विचारत होत्या."

ते लगेच गेले नाहीत. माझ्याकडे पाहत उभे राहिले, जसं काही मी अजून बोलणार होते. मी विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, मला खरंच माहीत नाही. मी जुड्या बांधत राहिले. मग फोन पुन्हा वाजला. अडत्याचा होता, आणि ते तो कानाला लावून विहिरीकडे निघून गेले.