फुग्याची दाढी

माझ्या धाकट्या भावासारखी दाढी करणारा माणूस तुम्ही पाहिलेला नाही. पाहिला असेल तर तो माझा भाऊच असणार. मी जन्मभर बस चालवली. जिथे जिथे मुक्काम पडला तिथे तिथे सलूनच्या खुर्चीत बसलो आणि प्रत्येक ठिकाणी उठताना मनात म्हणालो, बारक्याची सर नाही. शाळा मी सातवीतच सोडली, पण दाढीतलं मला कळतं.

बारक्या हे त्याचं घरचं नाव. लहानपणी काडीसारखा होता म्हणून पडलं. आता दारातून आधी पोट आत येतं आणि मागून सावकाश बारक्या येतो, तरी नाव तेच. दुकान छोटंसंच. दोन खुर्च्या, समोर लांब आरसा, फळीवर बाटल्या अशा रांगेत की एक जरी सरकली तरी ह्याला जेवण जात नाही. त्याच्या कात्रीला हात लावायची परवानगी त्याच्या बायकोलासुद्धा नाही. मी एकदा त्या कात्रीने पिशवीचा दोरा कापला, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तसाही तो बोलतो कमीच. "बोलण्याचा सगळा कोटा भाऊजींनीच उचललाय," असं आमची भावजय म्हणते. म्हणू दे. कोणीतरी बोलायला हवंच ना.

तर असा हा माणूस एका सकाळी गणिताच्या मास्तरांची दाढी करत होता. एक गाल झालेला, एक बाकी. मास्तरांनी आरशात पाहिलं तर बारक्याचं तोंड एका बाजूला उतरलेलं. "काय रे, काय होतंय?" त्यांनी विचारलं. ह्याने काहीतरी उत्तर दिलं, पण त्यातला एक शब्द कळेल तर शपथ. मग हातातला वस्तरा खाली पडला. मास्तर तसेच उठले, अंगावर टॉवेल, गालाला फेस, आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्यांनी पहिली दिसेल ती गाडी थांबवली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा मास्तर बाकावर बसलेले, अर्ध्या गालावर फेस वाळून पापड झालेला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. दिसत मात्र होते अगदी बहुरूप्यासारखे.

मेंदूच्या एका शिरेत रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेत आणलं म्हणून गुठळी विरघळवायचं औषध देता आलं, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. बोलणं आलं, पाय सुधारला, तोंड सरळ झालं. उजवा हात मात्र रुसून बसला. खांद्यापासून हलायचा, पण बोटं म्हणजे दुसऱ्या कोणाचीतरी आणून लावल्यासारखी. कप धरायला जावं तर कप एकीकडे, चहा बारक्याच्या मांडीवर.

दुकान कामाला ठेवलेला माणूस चालवायचा आणि बारक्या कोपऱ्यात स्टुलावर बसून त्याच्या चुका मोजायचा. गिऱ्हाइकं चौकशी करायची आणि बसायची मात्र दुसऱ्या खुर्चीत. ह्याची खुर्ची रिकामी. शेजारी मोबाइल विकणारा एक तरुण आहे, त्याला दुकान वाढवायचं होतं. तो दोनदा येऊन विचारून गेला. दुसऱ्या वेळी बारक्या त्याला म्हणाला, "थांब थोडं. हातात वस्तरा येतो का बघतो. नाही आला तर दुकान तुझं. दुसऱ्याच्या हाताने दाढ्या करून घ्यायला मी काय नुसता मालक आहे का?"

मला म्हणाल तर ह्याला दुकानाशिवाय जगवणं म्हणजे बसला रस्त्याशिवाय चालवणं. भावजय रडली, मी ओरडलो, आणि ह्याने भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या तपासणीला मोठ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या अशा हातांवर संशोधन करत होत्या. मानेत एक नस असते, मेंदूकडे जाणारी. छातीवर कातडीखाली काडेपेटीएवढं मशीन बसवायचं, त्याची वायर त्या नसेला जोडायची. मग व्यायाम करताना हाताने हालचाल केली की त्याच क्षणी मशीनने नसेला बारीकसा करंट द्यायचा. म्हणजे मेंदूला कळतं, हे लक्षात ठेवायचं. मी लगेच समजलो. म्हटलं, "बाई, म्हणजे मोठा रस्ता खचलाय, आता आतल्या गल्ल्यांनी गाडी न्यायची आणि गल्ली सापडली की खूण करून ठेवायची." बाई म्हणाल्या, "तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगता." हे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. भावजय साक्षीला आहे.

"पण एक अट आहे," बाई पुढे म्हणाल्या. "मशीन सगळ्यांना बसवणार, करंट अर्ध्याच लोकांना. कोणाला, ते अभ्यास संपेपर्यंत गुप्त. ह्यांना कळणार नाही, व्यायाम घेणाऱ्या मुलीलाही कळणार नाही. ज्यांना नव्हता त्यांचा नंतर चालू करू."

"हा काय न्याय झाला?" मी म्हणालो.

"त्याशिवाय सुधारणा करंटमुळे झाली की व्यायामामुळे, ते ओळखायचं कसं?"

बारक्याने डाव्या हाताने शर्टाचं वरचं बटण सोडलं. म्हणाला, "बसवा."

ऑपरेशननंतर त्याचा आवाज थोडा बसला. मी गल्लीभर सांगितलं, हाच पुरावा, आमच्याला करंटवालंच मिळालंय. बाईंनी सांगितलं की ऑपरेशनमुळे तसं कोणालाही होऊ शकतं, पण डॉक्टर लोक सगळं थोडंच सांगतात? एकदा त्याच्या छातीला कान लावून मी बसलो.

"ऐकू येतंय! बारीक घूं आवाज येतोय."

"दादा," बारक्या म्हणाला, "तो फ्रिज आहे."

व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. दिसायला गोड, स्वभावाने ट्रॅफिक पोलीस. किल्ली फिरव, डबा उघड, बरणीचं झाकण लाव. प्रत्येक वेळी हातातलं मशीनचं बटण दाबायची. बारक्याला हे सगळं बायकी वाटायचं. एक दिवस तिने विचारलं, "काका, वस्तरा धरायला तुम्ही शिकलात कसे?"

"फुग्यावर," तो म्हणाला. "फुगा फुगवायचा, फेस लावायचा, दाढी करायची. फुटला तर गिऱ्हाईक मेलं असं समजायचं."

दुसऱ्या दिवशी पोरगी फुग्यांचं पाकीटच घेऊन आली.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला युद्धच म्हणायचं. बारक्या खुर्चीवर, समोर फेस लावलेला फुगा भावजयीने धरलेला, वस्तरा टेकला की फट्! भावजयीच्या तोंडावर फेस. भिंतीवर फेस, दिव्यावर फेस. वरच्या मजल्यावरची म्हातारी येऊन म्हणाली, रोज रोज कोणाचा वाढदिवस असतो तुमच्याकडे? मुलगी शांतपणे बटण दाबायची आणि म्हणायची, "काका, पुढचं गिऱ्हाईक."

बारक्याला घाम फुटायचा. हात थरथरायचा, बोटं वाकडी व्हायची, तरी संपवल्याशिवाय उठायचा नाही. मुलगी निघून गेल्यावरही एकटा बसायचा. आधी बटर लावायच्या सुरीने, मग ब्लेड न लावलेल्या वस्तऱ्याने, मग ब्लेडने. मी विचारायचो, "किती मेले?" तो म्हणायचा, "आज जखमीच जास्त आहेत."

एक दिवस मी आत शिरलो तर सगळं शांत. टेबलावर लाल फुगा, पुसलेला, गुळगुळीत, फुटलेला नाही. बारक्या त्याच्याकडे पोराकडे बघावं तसा बघत होता. भावजय म्हणाली, "भाऊजी, हळू बोला, फुटेल."

आता प्रश्न होता माणसाचा. फुग्याला नाक नसतं, हनुवटी नसते, आणि तो कोर्टातही जात नाही. दुकानात कामाला असलेल्या माणसाने आधीच हात जोडले. मास्तर म्हणाले, "माझा राहिलेला गाल मी घरीच केला, आभारी आहे." शेवटी बारक्याने माझ्याकडे पाहिलं.

आता माझ्या मिशीबद्दल सांगायला हवं. टोकं वर वळलेली, तीस वर्षांची, डेपोत लोक मला तिच्यावरूनच ओळखायचे. मी गेलो आणि त्याच्या खुर्चीत बसलो. बाकी कोणाची हिंमत नव्हती, हे लक्षात ठेवा. त्याने टॉवेल बांधला, फेस लावला. डावा गाल, उजवा गाल, मान. वस्तरा अंगावरून पाणी वाहावं तसा फिरला. डोळ्यांत पाणी आलं, ते फेसामुळे. मग मिशीच्या कडेपाशी आला, आणि हात उडाला.

आरशात पाहिलं तर मिशीला एकच टोक.

बारक्याचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "बघतोस काय, दुसरंही काढ. मलाच कंटाळा आला होता तिचा." घरी गेलो तर माझ्या बायकोने विचारलं, "कोण पाहिजे?"

महिनाभराने अभ्यास संपला. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "तुमचा करंट बंद होता."

मी गल्लीला काय सांगणार होतो, ते देवच जाणे. पण बारक्या पार विझला. परतीच्या वाटेवर अर्ध्या रस्त्यात म्हणाला, "म्हणजे आपल्याला काही मिळालंच नव्हतं, दादा. उगीच नाचत होतो आपण. हे टिकणार तरी का?"

"गाढवा," मी म्हटलं, "ते मशीन खिशातल्या काडेपेटीसारखं पडून होतं. मग एवढे फुगे कोणी मारले? वरच्या मजल्यावरच्या म्हातारीने?"

दुकानापाशी आल्यावर बारक्या घरी न जाता आत शिरला.

मोबाइलवाला वाट बघत दारातच होता. "काका, ठरलं का?" मग माझ्याकडे बघून चमकला. "अरे, मिशी कुठे गेली?"

"काढून टाकली," मी म्हणालो. "उकडत होतं."

"खोटं बोलतोय तो," बारक्या म्हणाला. अंगात कामाचा कोट चढवत होता, डाव्या हाताने नाही, उजव्याने. "माझ्या हातून उडाली. मिशीजवळ हात अजून सुटतो. गाल आणि मान मात्र पक्की." फळीवरची एक बाटली सरकली होती, ती त्याने जागेवर लावली. मग आपल्या खुर्चीवरची धूळ झटकली. "दुकानाचं विचारायला आलास ना? तुला मिशी नाही. बस."

तरुणाने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्या ओठांकडे. मी त्याला एवढंच म्हटलं, "अरे, हा फुगे फोडत नाही आता."

तो बसला. बारक्याने वस्तऱ्यात नवीन ब्लेड लावलं, स्वतःच्या बोटांनी, कोणाची मदत न घेता, आणि त्याची मान अलगद मागे टेकवली. सगळी दाढी होईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. ह्यावर घरात कोणाचाही विश्वास बसत नाही. शेवटी त्याने टॉवेल झटकला, गालावर फटकडी फिरवली. पोरगा आरशात दोन्ही गाल चाचपत राहिला.

"दुकान?" त्याने हळूच विचारलं.

"पुढच्या आठवड्यात ये," बारक्या म्हणाला, "केस वाढलेत तुझे."

करंट आता पुढच्या महिन्यात चालू करणार आहेत. मी मिशी पुन्हा राखायला घेतलीय. बारक्या रोज येता-जाता तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, "वाढव, दादा, वाढव. मला सराव लागतो."