कोपराच्या आतली जागा

"बाही वर कर."

"थंडी वाजतेय मला."

"थंडी? शेजारी गीझर, डोक्यावर दोन दिवे, आणि थंडी? वहिनी, बाही वर कर म्हणते ना."

"गिऱ्हाईक झोपलंय. हळू बोल."

"झोपलं नाहीये, ऐकतंय. ऐकू दे! आपली क्रीम आधी कोणाच्या कातडीवरून येते ते कळू दे त्यांनाही."

ते गिऱ्हाईक म्हणजे मी. चेहऱ्यावर मातीचा लेप, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या चकत्या आणि 'वीस मिनिटं हसायचं नाही, बोलायचं नाही' अशी ताकीद. माझ्या पायथ्याशी, बेसिनजवळ, नणंद-भावजयीची जुंपली होती. पडद्यापलीकडे, बाहेरच्या खोलीत, निवृत्त मास्तरीणबाई केस रंगवून घ्यायला बसल्या होत्या आणि मासिकाची पानं मोठ्यानं उलटत होत्या. म्हणजे त्याही ऐकत होत्या.

हे पार्लर दोन खुर्च्यांचं. एक नणंदेची, एक वहिनींची. नणंद त्यांना वहिनी म्हणते म्हणून अख्खी गल्ली वहिनी म्हणते. मास्तरीणबाई त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, त्यासुद्धा.

वहिनींकडे बायका केस कापायला येतात हे खरं, पण येताना पिशवीतून एखादा डबा किंवा ट्यूब घेऊनच येतात. वहिनी चष्मा लावतात, बाटली खिडकीच्या उजेडात धरतात आणि पाठीमागची मुंगीच्या पायांएवढी अक्षरं वाचायला लागतात. वाचताना ओठ हलतात. ती लांबलचक नावं त्यांनी वहीत उतरवून उतरवून पाठ केलीत. आधी धड उच्चारताही येत नव्हती.

"हे बघा, ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहितात. पहिलं काय? पाणी."

"आणि सोनं? डब्यावर लिहिलंय सोन्याचे कण म्हणून."

"आहे ना. सगळ्यात शेवटी, दाराबाहेर उभं आहे बिचारं."

एकदा एकजण म्हणाली, "वहिनी, ही शंभर टक्के नैसर्गिक आहे, हिच्यानं काय होणार?"

"खाजकुयलीपण नैसर्गिकच असते. लावून बघता का?"

तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, ह्या प्रश्नाचं उत्तर त्या आठवड्यातून चारदा देतात आणि चारही वेळा न वैतागता. "तेल वेगळं, ओलावा वेगळा. साबणानं खसखसून धुतलंत की कातडी कोरडी ठणठणीत होते, मग झोंबते. हलकी क्रीम घ्या, चेहरा सुखी ठेवा." खिडकीशी बसून दिवसभर शिवणाऱ्या बाईला त्यांनी सनस्क्रीन लावायला लावलं. "ऊन काचेतून येतंच की. त्याला कुठे दार वाजवायची सवय आहे?" लिंबू चोळून आलेल्या कॉलेजच्या मुलीला त्या इतकं बोलल्या, की मुलगी रडली. मग तिच्याच गालावर त्यांनी गार पाण्याची पट्टी ठेवली आणि ती बसून राहिली तेवढा वेळ तिचा हात धरून बसल्या.

आणि प्रत्येक बाईचा शेवटचा प्रश्न एकच. "मला चालेल ना?"

त्यावर वहिनींचं उत्तर ठरलेलं. "उद्या या." त्या रात्रीतून ती वस्तू वहिनींच्या डाव्या हाताला लागायची. कोपराच्या आत, जिथे कातडी मऊ असते, तिथे एक ठिपका आणि भोवती निळ्या पेनानं गोल. दुसऱ्या दिवशी लाली नसली तर वहिनी मान हलवायच्या. बाई निर्धास्त घरी जायची. हे एकवीस वर्षं चाललं.

ह्याची सुरुवात मला नंतर कळली, नणंदेकडूनच. ती तेरा वर्षांची होती. वहिनी नव्यानं लग्न होऊन घरात आल्या होत्या, पार्लरचा कोर्स नुकताच झालेला, हात शिवशिवत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गाचा फोटो. "ये गं, तुला उजळवते," म्हणून त्यांनी पोरीच्या चेहऱ्याला कुठलीशी ब्लीच क्रीम फासली. सकाळी पोरीचे डोळे उघडेनात. त्या फोटोत सगळ्या मुली हसतायत आणि मागच्या रांगेत एक मुलगी तोंडावर भूगोलाचं पुस्तक धरून उभी आहे.

सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पोरगीही हसण्यावारी घेऊन मोकळी झाली. वहिनी मात्र त्या दिवसापासून सगळं आधी स्वतःच्या हातावर लावू लागल्या.

गेल्या काही महिन्यांपासून त्यांची बोटं चिरायला लागली होती. आधी म्हणाल्या, साबण बदलला म्हणून. मग म्हणाल्या, पाणी जड आहे. शेवटी नणंदेनं जवळजवळ ओढत त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. कशाची ॲलर्जी आहे ते बघायला डॉक्टरांनी पाठीवर छोट्या छोट्या चौकोनांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. रोज संध्याकाळी नणंद त्यांचा ब्लाऊज वर करून पट्ट्या नीट आहेत ना बघायची, आणि वहिनी विचारायच्या, "काय दिसतंय गं?" "बुद्धिबळाचा पट दिसतोय, हलू नकोस." पट्ट्या काढल्यावर दोन चौकोन लालभडक निघाले. एक सुगंधाचा. दुसरा केसांच्या काळ्या रंगात असतो त्या द्रव्याचा.

डॉक्टर म्हणाले, "हे आता जन्मभराचं. कातडी एकदा एखाद्या गोष्टीवर रुसली, की तिची समजूत निघत नाही. रंगाला हात लावायचा नाही." मग कोपरातले जुने डाग बघून त्यांनी विचारलं, "आणि हे काय?" वहिनींनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्हाला चाललं म्हणून दुसऱ्याला चालेल, हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि इतकी वर्षं रोज नवं काहीतरी लावल्यावर कातडी आणखी काय करणार?"

"कोणी नाही सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "मीच ठरवलं."

ह्याला तीन आठवडे झाले होते. आणि आज, माझ्या पायथ्याशी, नणंदेनं अखेर ती बाही वर केली. मी एका डोळ्यावरची चकती हळूच सरकवली. कोपराच्या आत फोडांची रांग होती, भोवती निळा गोल.

"कधी लावलंस हे?"

"परवा. मास्तरीणबाईंच्या रंगाची कंपनी बंद झाली. ही नवीन आहे. नवीन काही त्यांच्या डोक्याला असंच कसं लावू?"

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"हातमोजे घालते की मी!"

"मोजे मनगटापर्यंत, ठिपका कोपरात. मला शिकवतेस?"

"अगं, एकवीस वर्षं त्या बाईंचं डोकं माझ्या हाताखाली आहे," वहिनींचा आवाज चिरकला. "रंग सोडला तर मी इथे काय करू? केर काढू? बायका माझा हात बघून हो म्हणतात. हातच नाही म्हटल्यावर वहिनी कशाची उरते?"

बाहेर मासिकाचं पान अर्ध्यात थांबलं.

 नणंदेनं स्वतःची बाही दुमडली. एक घडी, दोन घड्या. तिच्या कोपराच्या आत एक ठिपका होता, काळसर, आणि भोवती निळा गोल.

वहिनींनी तिचा हात खसकन ओढला. "हे काय आहे?"

"तोच रंग. काल लावला. तू लावायच्या आधी म्हणून मी लावला, तर तू माझ्याही आधी लावून मोकळी."

"वेडी झालीस? तुझी कातडी मुळात नाजूक, त्या वेळी नाही का..." वहिनी थांबल्या.

"बोल ना. भूगोलाचं पुस्तक."

"धू आधी ते."

"तूच शिकवलंस."

"हे नव्हतं शिकवलं!"

"मग दुसरं काय शिकवलंस? एकवीस वर्षं मी हेच बघतेय. माझा चेहरा चार दिवसांत बरा झाला, वहिनी. चार दिवसांत! तुझा हात कधी बरा होणार?"

वहिनींनी नळ सोडला. मोजे चढवले आणि नणंदेचा हात पाण्याखाली धरून तो ठिपका त्या धुवत राहिल्या. चोळलं नाही, नुसतं पाणी सोडत राहिल्या. रंग गेला, डाग राहिला, तरी पाणी चालूच. लाली नव्हती. त्यांनी हात उजेडाकडे वळवून दोनदा खात्री केली. मग मऊ पंच्यानं टिपला, लहान मुलाचा टिपावा तसा.

"झोंबतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही गं. पण म्हणून मास्तरीणबाईंना चालेल असं नाही ना? त्यांचा ठिपका त्यांच्याच हातावर. दोन दिवस थांबतील त्या. पांढऱ्या केसांनी जग बुडत नाही."

"ऐकतेय मी," बाहेरून आवाज आला. "आणि बुडत नाही."

मला हसू आलं आणि गालावरचा लेप तडकला. दोघींनीही लक्ष दिलं नाही.

"ऐक," नणंद हळू आवाजात म्हणाली. "डबे तू वाचायचेस. चालेल की नाही ते तूच सांगायचंस, गोल तूच काढायचास. रंग मात्र मी लावणार. आजपासून. वहिनी, कबूल?"

रंगाची ट्यूब बेसिनच्या कडेवर होती. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. मोजे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले, बाही खाली ओढली, पुन्हा वर केली आणि तशीच राहू दिली.

"वहिनी, तुला विचारतेय मी."

त्यांनी खुंटीवरचा चष्मा घेतला. नणंदेच्या ॲप्रनच्या खिशातलं निळं पेन काढून घेतलं. ट्यूब मात्र बेसिनवरच सोडली आणि पडदा सारून मास्तरीणबाईंकडे गेल्या.