चौकटीबाहेरची फुली

सरकारी कॉलेजातल्या त्या हेडक्लार्कला पाठीमागे सगळे चौकटराव म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं. कर्मचारी परिषदेची निवडणूक म्हटली की चौकटराव. मतपत्रिका तोच आखायचा, पेटीला सील तोच लावायचा आणि शिपाई असो की प्राध्यापक, आत जाणाऱ्या प्रत्येकाला एकच बजावायचा, की फुली चौकटीच्या आत हवी, रेषेला लागली की मत बाद. चौकट असायची नखाएवढी. कागदाची बचत व्हावी म्हणून त्यानेच ती तशी आखली होती. प्राचार्यांनी तेव्हा त्याची पाठ थोपटली, आणि स्वारी त्या एका थापेवर आयुष्यभर जगली.

त्याचा धाकटा भाऊ त्याच कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत भांडी धुवायला. दोघांची बिऱ्हाडं एकाच घरात, थोरला खाली, धाकटा वर. धाकट्याला कंपवात जडला होता. तरी काचेचं एक भांडं त्याच्या हातून कधी फुटलं नाही, दोन्ही हातांनी धरायचा बिचारा. पण पेन काही दोन हातांनी धरता येत नाही.

त्या वर्षी निवडणुकीला धार आली होती. प्रयोगशाळांचं काम ठेकेदाराला द्यायचं प्राचार्यांच्या मनात होतं, आणि त्याला परिषदेची संमती लागत होती. अध्यक्षपदाला दोघंच उभे होते. एक अधीक्षक, प्राचार्यांचा पक्का होयबा. दुसऱ्या होत्या ग्रंथालयातल्या बाई, ठेकेदाराला दारातही उभं करणार नाही म्हणणाऱ्या. बाई आल्या तर धाकट्याची नोकरी राहणार, अधीक्षक आला तर जाणार. इतकं सरळ होतं ते.

धाकटा खाली आला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणाला, "दादा, या वर्षी चौकट जरा मोठी कर ना. माझी फुली मावत नाही रे तीत."

"एकट्यासाठी नियम बदलत नसतात," थोरला म्हणाला.

मग भावजय आली. यांच्या वतीने दुसऱ्या कोणी फुली मारली तर चालेल का, असं तिने विचारलं. ती सोय आंधळ्यांसाठी आहे, तुझ्या नवऱ्याला चांगलं दिसतं, असं तिला उत्तर मिळालं. वर हा शहाणा म्हणतो कसा, सराव कर, सरावाने सगळं जमतं! आणि खरंच त्याने धाकट्याला रोज संध्याकाळी टेबलाशी बसवलं. पाठकोऱ्या कागदावर चौकटी आखून द्यायचा आणि फुलीचा पाय बाहेर गेला की पट्टीच्या टोकाने दाखवायचा. पुन्हा. पुन्हा. धाकट्याची लेक समोर बसून बघायची. एकदा तिला हसू आलं, तेव्हा आईने तिला दंडाला धरून वर नेलं. बाप मान खाली घालून फुल्या मारत राहिला.

मतमोजणी स्टाफरूममध्ये झाली. शेवटची मतपत्रिका उघडायची राहिली तेव्हा दोघांची मतं समसमान होती. समसमान राहिली तर सेवेत ज्येष्ठ तो विजयी असा नियम, आणि ज्येष्ठ होता अधीक्षक. चौकटरावाने घडी उलगडली. बाईंच्या नावापुढे फुली होती, वेडीवाकडी, थरथरलेली. तिचा एक पाय रेषेवर केसभर चढला होता. कोणाची ती, हे खोलीत सगळ्यांना कळलं. त्याला तर सर्वांत आधी कळलं, रोज संध्याकाळी तीच तर बघत होता.

बाई म्हणाल्या, "अहो, मत कोणाला दिलंय ते स्पष्ट दिसतंय."

अधीक्षकसुद्धा नुसता खिडकीबाहेर बघत बसला. त्या क्षणी चौकटरावाने हो म्हटलं असतं तर कोणी हूं की चूं केलं नसतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्या मूर्खाला वाटलं, हीच आपल्या परीक्षेची घडी.

"बाद," तो म्हणाला.

प्राचार्यांनी पुन्हा पाठ थोपटली. महिना उलटायच्या आत ठेकेदार आला, आणि त्याने थरथरणारे हात पाहून धाकट्याला पहिल्याच दिवशी घरी बसवलं. भावजय दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला जाऊ लागली. धाकटा भांडला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. फक्त खाली येणं त्याने बंद केलं.

पुढची निवडणूक आली. अधीक्षक तेवढ्यात स्कूटरवरून पडला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन बसला. फुली डाव्या हाताने मारावी लागणार! लगोलग प्राचार्यांचा लेखी आदेश आला, चौकट मोठी करावी. चौकटरावाने मुकाट्याने केली. आदेश आला म्हणजे नियम बदलला, आणि बदललेला नियमही नियमच. छापताना वाया गेलेले कागद त्याने नेहमीप्रमाणे पुतणीला पाठकोरे म्हणून वर पाठवले.

संध्याकाळी धाकटा जिना उतरून आला. वर्षभरात पहिल्यांदा. हातात त्यातलाच एक कागद होता. तो त्याने टेबलावर ठेवला, थोरल्याच्या खिशातलं पेन काढलं आणि ओठ घट्ट मिटून चौकटीत फुली मारली.

"बसली की रे, दादा," तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

चौकटरावाने कागद उजेडात धरला. सवयच ती. चारही बाजूंनी पाहिलं, फुली रेषेला कुठेच लागली नव्हती. मत ग्राह्य होतं.