लाईनीवर पहिला हात

माझी सगळी नोकरी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये गेली, कधी वाळूत, कधी बर्फात. त्यामुळे वादळानंतर मदतकार्यासाठी मालवण किनाऱ्याची ऑर्डर आली तेव्हा मी मनातून हरखलो. पोरांना बांगड्याच्या तिखल्याची स्वप्नं दाखवली. प्रत्यक्षात मिळाला डाळभात, कारण होड्या उलट्या पडल्या होत्या आणि वीज नसल्यामुळे बर्फही नव्हता. पोरांनी मला पुरतं पिडलं.

आमचं काम ठरलेलं होतं. झाडं कापायची, खांब उभे करायचे, वीज कंपनीच्या माणसांबरोबर तारा ओढायच्या. तुटलेल्या तारेला हात लावण्याआधी ती मेलेली आहे का ते तपासायचं आणि दोन्ही टोकांना अर्थिंगची साखळी लावायची, म्हणजे चुकून वीज आलीच तर जमिनीत जाते. आमच्या तुकडीचा आणखी एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. जो 'लाईन डेड' म्हणेल, त्यानेच पहिला हात लावायचा. हे काम नाईक अंतोन फर्नांडिसचं. बांद्याचा गडी. दुसऱ्या कोणी पुढे झालं तर त्याला राग यायचा.

त्या दिवशी सकाळी रेडिओवर सुभेदार साहेबांचा मेसेज आला. खाडीअलीकडच्या दवाखान्यात एक म्हातारे गुरुजी ऑक्सिजनच्या मशीनवर होते. जनरेटरचं डिझेल संध्याकाळपर्यंतच पुरणार होतं आणि रस्ते बंद होते.

"लाईन कधी देता? ओव्हर."

"अंधार पडायच्या आत, साहेब. ओव्हर."

दुपारी शेवटच्या तुटलेल्या तारेपाशी पोचलो. अंतोनने तपासलं. एका टोकाला साखळी लावली.

"हवालदारानु, लाईन डेड. पलीकडची लावूक मी चढतंय."

"सांभाळून रे."

तो वर पोचला आणि त्याच क्षणी पलीकडच्या तारेत वीज आली. साखळी त्याच्या हातातच राहिली.

खाडीपलीकडच्या वाडीत एका घरी जनरेटर होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्या घरच्या रत्नप्रभाकाकींनी तो मेन स्विच न पाडताच घराच्या वायरिंगला जोडला होता. घरातली वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरली आणि तिथून हजारो व्होल्ट होऊन लाईनीवर आली.

"वन कॅज्युअल्टी. नाईक फर्नांडिस. ओव्हर."

साहेबांनी विचारलं,

"काम थांबवायचं? ओव्हर."

"नाही साहेब. दवाखान्यात माणूस आहे. ओव्हर."

जवान पाठवून जनरेटर बंद केला. मी लाईन पुन्हा तपासली, 'लाईन डेड' म्हणालो आणि नियमाप्रमाणे स्वतः चढलो. पलीकडची साखळी लावली. उजेड असतानाच लाईन चालू झाली आणि गुरुजी वाचले. मी खांबाखाली बसून रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

जनरेटर का लावला, ते काकींनी साहेबांपुढे सांगितलं. "जवान रातीक आमच्याच वाडीत येतले होते. माका वाटला, पोरां दमान येतली, न्हाऊक बावीचा पाणी पंपान काढून ठेवया."

बांद्याला अंतोनच्या मातीला काकी आल्या आणि दाराबाहेरच थांबल्या. त्याची आई उठून बाहेर गेली. तिने त्यांचा हात धरला. "माझ्या झिलाच्याच न्हाण्याक पाणी काढीत होतंस गो तू. भितर ये."

अंतोनचा मला अभिमान आहे. आपल्या माणसांसाठी तो पुढे झाला आणि पुढेच राहिला.

आता मी निवृत्त होऊन त्याच वाडीजवळ राहतो. पावसाळ्यात वीज जाते, कधी दोन-दोन दिवस येत नाही. घरोघरी जनरेटर आले आहेत, लाईनीपासून घर तोडणारा स्विचही आला आहे. तरी जनरेटर लावायच्या आधी प्रत्येक घरातून कोणीतरी अंगणात येतं आणि खांबाकडे बघून मोठ्याने विचारतं,

"लायनीर कोण आसा काय रे?"

उत्तर येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी थोडा वेळ थांबतात, आणि मगच चालू करतात.